धोट्याहून चपळ दिवस : बायबल साहित्य म्हणून वाचणाऱ्यांचे प्रश्न

या महिन्याच्या सदरासाठी सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली बहुतेक पत्रे बायबलविषयी निघाली. ज्यूंचा तनाख आणि ख्रिस्ती परंपरेचे जुना व नवा करार, असे दोन्ही ग्रंथ त्यात आले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उताऱ्यांचे मराठी आम्ही मूळ हिब्रू-ग्रीकच्या जवळ राहून केले आहे, त्यामुळे तुमच्या प्रतीतले शब्द वेगळे असतील. ते वेगळे का असतात, हाही खाली एका उत्तराचा विषय आहे.

दोनदा बायबल वाचायला घेतले. 'उत्पत्ती' संपते, 'निर्गम' अर्धे होते आणि 'लेवीय'मधल्या यज्ञविधींपाशी गाडी अडते. सुरुवात कुठून करावी?
(वाचक, जुळे सोलापूर)

पहिल्या पानापासून सुरू करू नका. बायबल हा एक ग्रंथ नसून पुस्तकांचे कपाट आहे. प्रॉटेस्टंट प्रतीत ६६ पुस्तके असतात, कॅथलिक प्रतीत ७३. ज्यू परंपरा आपली पुस्तके २४ मोजते, कारण तिथे शमुवेल, राजे, इतिहास यांचे दोन-दोन भाग एकच धरले जातात आणि बारा लहान संदेष्टे मिळून एक पुस्तक होते. कपाटातले पहिले पुस्तक पहिल्यांदा काढावे असा नियम कुठल्याच वाचनालयात नसतो.

'रूथ' घ्या. चार अध्याय, ८५ वचने, अर्ध्या तासात होते. दुष्काळाने गाव सोडलेले कुटुंब, परक्या मुलखात मेलेले कर्ते पुरुष, सासू-सुनेची परतीची वाट आणि दुसऱ्याच्या शेतात वेचलेला सरवा. बार्शी-करमाळ्याकडच्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागणार नाही. नावांकडे मात्र लक्ष ठेवा. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, आणि गोष्ट सुरू होते ती भाकरीच्या घरातच दुष्काळ पडल्यापासून. सासू नामी, म्हणजे गोड. गावी परतल्यावर बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा, म्हणजे कडू. मराठी प्रतीत नावे तशीच येतात, अर्थ येत नाहीत, आणि अर्धी गंमत तिथेच गळून जाते. समासात पेन्सिलने अर्थ लिहून घ्या.

त्यानंतर 'योना', ४८ वचनांचे. यात विनोद आहे आणि तो मुद्दाम केलेला आहे. देव पूर्वेला निनवेला जा म्हणतो आणि योना पश्चिमेचे जहाज पकडतो. तो याफोला 'उतरतो', जहाजात 'उतरतो', जहाजाच्या तळाशी 'उतरतो', शेवटी समुद्रात डोंगरांच्या मुळांपर्यंत 'उतरतो'. हिब्रूत चारही ठिकाणी एकच क्रियापद आहे. बऱ्याच भाषांतरांत 'गेला', 'चढला', 'खाली गेला' असे बदलून येते आणि जिना मोडतो. (त्याला गिळणारा देवमासाही नाही. मुळात नुसता 'मोठा मासा' आहे.)

तिसरी पायरी योसेफाची कथा, उत्पत्ती ३७ ते ५०. मग दावीद, पहिल्या शमुवेलाच्या १६व्या अध्यायापासून. मग हवी तेवढी स्तोत्रे, आणि नव्या करारातले 'मार्क' एका बैठकीत. त्याचे १६ अध्याय दीड-दोन तासांत होतात. 'लेवीय'कडे मग परत या. तोवर ते पुस्तक कोणासाठी लिहिले आहे हे कळलेले असेल.

वचनांचे आकडे डोळ्यांआड करायला शिका. अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात. नव्या कराराच्या वचनांना आज रूढ असलेले आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१च्या आवृत्तीत घातले. लिहिणाऱ्याच्या मनात ते नव्हते. आकड्याशी थांबत वाचले की प्रत्येक वाक्य सुविचार होते, आणि गोष्ट सुविचारांची माळ होऊन बसते.

आणखी एक घोळ पुस्तकाच्या नावाचा. मराठी बायबलमधले पाचवे पुस्तक 'अनुवाद'. ते भाषांतर नव्हे. अनु-वाद म्हणजे पुन्हा सांगणे, हा शब्दाचा जुना अर्थ तिथे टिकून राहिला आहे. मोशे मरण्यापूर्वी सगळे नियम पुन्हा सांगतो. नावांसाठी शेजाऱ्यांची मदत घ्या. योसेफ म्हणजे यूसुफ, योना म्हणजे यूनुस, ईयोब म्हणजे अय्यूब, दावीद म्हणजे दाऊद, शलमोन म्हणजे सुलेमान. सोलापुरात ही नावे रोज कानावर पडतात.

ईयोबाच्या पुस्तकात धोट्याची उपमा आहे असे ऐकले. मूळ ओळ काय आहे? मागावर काम केलेल्या माणसाला त्यातून वेगळे काही दिसेल का?
(निवृत्त विणकर, साखर पेठ)

दिसेल, आणि पुष्कळ पंडितांना दिसायला वेळ लागला ते दिसेल. ईयोब म्हणजे सारे काही गमावून देवाकडे गाऱ्हाणे मांडणारा माणूस; धोटा म्हणजे मागावर आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे धावणारे साधन. ओळ ईयोब ७:६ मध्ये, म्हणजे सातव्या अध्यायाच्या सहाव्या वचनात आहे. बहुतेक भाषांतरांत ती अशा अर्थाने येते: 'माझे दिवस धोट्याहून चपळ आहेत, आणि ते आशेवाचून संपतात.'

वाचताना पूर्वार्ध आणि उत्तरार्ध यांची गाठ बसत नाही. आधी मागाची उपमा, मग एकदम आशेची गोष्ट. हिब्रूत गाठ पक्की आहे. शेवटचा शब्द आहे 'तिक्वा'. त्याचा अर्थ आशा, आणि त्याचाच दुसरा अर्थ दोरा. यहोशवाच्या दुसऱ्या अध्यायात राहाब खिडकीला जो किरमिजी दोर बांधते, त्यासाठी हाच शब्द आला आहे. म्हणजे ईयोब एका श्वासात दोन वाक्ये बोलतो. दिवस धोट्यासारखे धावले आणि आशा नसता संपले; दिवस धोट्यासारखे धावले आणि दोरा सरल्यावर थांबले.

धोट्यातली दोऱ्याची कांडी रिकामी झाल्यावर तो कसा जातो हे तुम्हाला सांगायला नको. हात चालत असतो, धोटा इकडून तिकडे जातच असतो, पण बाणा, म्हणजे आडवा धागा, पडत नाही. दोन फेऱ्या झाल्यावर लक्षात येते की विणले काहीच गेलेले नाही. ईयोबाची तक्रार नेमकी ही आहे. नुसते 'आयुष्य लवकर सरते' असे तो म्हणत नाही.

मराठीत एका शब्दात हा श्लेष पकडता येत नाही. 'आशेचा धागा तुटला' असे आपण म्हणतो, म्हणून भाषांतरकाराने 'आशेचा धागा संपून' असे लिहिले तर निम्मे काम होते. आमच्या मते तेवढे धाडस करावे, तळटीप देऊन भागवू नये. दुसरा बारकावा असा की इथे धोटा म्हणून जो हिब्रू शब्द घेतला जातो, 'एरेग', तो साऱ्या हिब्रू बायबलमध्ये दोनच ठिकाणी आहे. दुसरे ठिकाण शास्ते १६:१४. तिथे दलीला शमशोनाच्या सात बटा मागावर विणून खुंटी ठोकते आणि तो खुंटीसकट सारे उपटून उठतो. तिथे अर्थ मागाकडे झुकतो, इथे धोट्याकडे.

माग हाताशी असलेल्या वाचकाने आणखी दोन जागा पाहाव्यात. गल्याथ या धिप्पाड योद्ध्याच्या भाल्याची काठी मागाच्या आडव्या दांड्याएवढी जाड होती असे १ शमुवेल १७:७ सांगते. लेखकाला जाडी दाखवायची आहे, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने तो दांडा पाहिलेला आहे. दुसरी जागा यशया ३८:१२. आजारातून उठलेला राजा हिज्कीया म्हणतो, विणकरासारखे मी माझे आयुष्य गुंडाळले, तो मला दशांपासून कापून टाकतो. 'दशी' शब्द आम्ही मुद्दाम घेतला, कारण मुळातही मागावर उरणाऱ्या ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, टोकांचाच शब्द आहे. कापड पुरे झाल्यावर कापतात. राजाचे गाऱ्हाणे हे की अजून पुरे झाले नव्हते.

अब्राहाम इसहाकाला बळी द्यायला नेतो ती कथा आणि आपली चिलया बाळाची कथा एकच आहे का? एकीवरून दुसरी आली असावी का?
(शिक्षिका, अक्कलकोट)

एकीवरून दुसरी आली असे मानायला आधार नाही. चिलयाची कथा दक्षिणेतली आहे. तमिळ शैव परंपरेत ती सिरुत्तोंडराची, कन्नड वीरशैवांत सिरियाळाची, आणि आपल्याकडे श्रियाळ-चांगुणेची. साम्य दिसले की उगम शोधायला धावणे ही या विषयातली सर्वांत नेहमीची चूक. साम्याचा खरा उपयोग फरक दिसण्यासाठी होतो.

उत्पत्ती २२ उघडा. कथा १९ वचनांत संपते. आता त्यात काय नाही ते मोजा. आई नाही. रडणे नाही. अब्राहामाला काय वाटले याबद्दल एक शब्द नाही. तीन दिवसांची वाट आहे, पण वाटेतला एकही संवाद पहिल्या दोन दिवसांचा नाही. चिलयाच्या कथेत मात्र सारे काही बोलून दाखवलेले आहे. अतिथीची अट अशी की आईने रडायचे नाही. म्हणून चांगुणा उखळात मुलाचे मस्तक कांडताना गाते. आपल्या परंपरेने त्या गाण्यावर कथा उभी केली, हिब्रू लेखकाने शांततेवर.

जर्मन समीक्षक एरिख आवरबाख याने दुसऱ्या महायुद्धात इस्तंबूलला निर्वासित असताना 'मायमेसिस' हा ग्रंथ लिहिला. तो १९४६ साली निघाला. पहिल्याच प्रकरणात त्याने ग्रीक महाकवी होमर आणि उत्पत्ती २२ शेजारी ठेवले. होमर सगळे उजेडात आणतो. ही कथा पुष्कळसे अंधारात ठेवते आणि अंधार वाचणाऱ्याला ओढतो, असे त्याचे म्हणणे. आपल्या वाचकाने होमरच्या जागी चांगुणेचे गाणे ठेवले तरी तो मुद्दा जसाच्या तसा कळतो.

आता जवळून. देव म्हणतो: 'तुझा मुलगा घे, तुझा एकुलता, ज्याच्यावर तू प्रेम करतोस तो, इसहाक.' नाव शेवटी येते. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी जुन्या ज्यू परंपरेला धरून इथे एक संवाद देतो. मुलगा घे, मला दोन मुलगे आहेत. एकुलता, दोघेही आपापल्या आईचे एकुलते आहेत. ज्याच्यावर प्रेम करतोस तो, दोघांवर करतो. इसहाक. मुळात अब्राहाम गप्प आहे, आणि शतकानुशतकांच्या वाचकांनी त्या गप्प बसण्यात शब्द भरले. कीर्तनकार पूर्वरंगातल्या एका ओळीतून उत्तररंगात आख्यान उभे करतो, तशीच ही रीत.

पुढे, लाकडे मुलाच्या पाठीवर. विस्तव आणि सुरी बापाच्या हातात. 'आणि ते दोघे बरोबर चालले.' मुलगा विचारतो: बाबा, विस्तव आहे, लाकडे आहेत, होमाचे कोकरू कुठे आहे? बाप म्हणतो, कोकरू देव पाहील, बाळा. 'आणि ते दोघे बरोबर चालले.' तेच वाक्य पुन्हा. पहिल्या वेळी मुलाला माहीत नाही. दुसऱ्या वेळी? लेखक सांगत नाही. भाषांतरात दुसरे वाक्य 'मग ते पुढे गेले' असे झाले, तर या कथेचा कणाच काढला असे समजा. तुमच्या प्रतीत ६ आणि ८ ही वचने ताडून बघा.

शेवटी १९व्या वचनात अब्राहाम नोकरांकडे परततो. इसहाक परतल्याचा उल्लेख नाही. यानंतर बापलेकांत एकही संवाद लिहिलेला नाही, आणि पुढच्याच अध्यायाच्या आरंभी सारा १२७व्या वर्षी वारते. चिलया आईच्या हाकेला ओ देत धावत येतो. इथे मुलगा वाचला खरा, पण कथेतून निघून गेला.

कुराणातली कथा आणखी वेगळी. तिथे बाप मुलाला स्वप्न सांगून विचारतो आणि मुलगा होकार देतो. मुलाचे नाव तिथे येत नाही, मुस्लिम परंपरा बहुतांशी इस्माईल मानते. तिन्ही कथा वर्गात शेजारी ठेवायच्या असतील तर एकच प्रश्न फळ्यावर लिहा: मुलाला केव्हा कळते?

ज्यांच्यासाठी हा देवाचा शब्द आहे, त्यांना साहित्य म्हणून केलेले वाचन अपमानास्पद वाटत नाही का?
(वाचक, पंढरपूर)

पंढरपूरहून हा प्रश्न यावा याचे थोडे नवल वाटले. ज्ञानेश्वरीचे पारायण करणारा आणि ज्ञानेश्वरीवर एम. ए.चा पेपर लिहिणारा कित्येकदा एकच माणूस असतो. पोथीला पाय लावू नका, कथेतल्या पात्रांवर 'तुमचा देव' असे म्हणून बोट रोखू नका. इतके पथ्य पुरेसे आहे.

स्तोत्रांना कविता म्हणतात, पण मराठीत ना यमक ना वृत्त. भाषांतरात गेले का? आणि कोणते भाषांतर घ्यावे?
(कविता लिहिणारी वाचक, होटगी रोड)

यमक गेले नाही, मुळात ते फारसे नव्हतेच. हिब्रू कवितेचा पाया आहे ओळींची जोडी. पहिली ओळ एक गोष्ट म्हणते, दुसरी तिला वेगळ्या शब्दांत उचलते, उलटवते किंवा पुढे ढकलते. 'आकाश देवाचा महिमा सांगते, अंतराळ त्याच्या हातचे काम कळवते.' ऑक्सफर्डमधल्या व्याख्यानांतून रॉबर्ट लोथ याने १७५३ साली या रचनेला नाव आणि व्यवस्था दिली. हे यमक अर्थाचे असल्यामुळे समुद्र ओलांडून येते. आवाजाचे यमक बुडाले असते. दुसरी ओळ म्हणजे पहिलीचा पडसाद असे समजून तिच्यावरून घसरू नका. जवळजवळ दर वेळी ती थोडी अधिक नेमकी किंवा अधिक कडक असते.

काही गोष्टी खरोखरच बुडतात. स्तोत्र ११९ हे हिब्रूच्या २२ अक्षरांवर रचलेले आहे. प्रत्येक अक्षराने सुरू होणाऱ्या आठ-आठ ओळी, एकूण १७६. काही प्रतींत मध्येच 'आलेफ', 'बेथ' असे मथळे दिसतात ते त्यामुळे. विलापगीताचे पहिले चार अध्यायही असेच अक्षरांवर बांधलेले आहेत. पाचव्यात ओळी २२ आहेत, पण अक्षरांचा क्रम सुटला आहे. उद्ध्वस्त शहराच्या शोकगीतात शेवटी वर्णमालाही मोडते, असे वाचण्याचा मोह आम्हाला होतो.

सर्वनामांवर नजर ठेवली तर मराठीतही बरेच हाती लागते. स्तोत्र २३, मेंढपाळाचे. पहिल्या तीन वचनांत देव 'तो' आहे: तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो संथ पाण्याकडे नेतो. चौथ्या वचनात दाट काळोखाची दरी येते आणि तिथेच 'तो'चा 'तू' होतो: 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.' उजेडात देवाबद्दल बोलणे, अंधारात देवाशी बोलणे. तुकोबांचे 'जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती' आठवेल, पण तुकोबा पहिल्या शब्दापासून 'तूं' म्हणतात. स्तोत्राला तिथवर चालत जावे लागते.

भाषांतराबद्दल. एक घेऊ नका, दोन घ्या. बायबल सोसायटीचे 'पवित्र शास्त्र' पाठांतराच्या आणि उपासनेच्या भाषेजवळचे आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' आजच्या बोलीजवळचे. (२०२० साली उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे तेच अध्यक्ष होते.) तिसरे, मिळाले तर, पंडिता रमाबाईंचे. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. ते केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापले गेले आणि रमाबाई १९२२ साली गेल्यानंतर १९२४ला पुरे प्रसिद्ध झाले. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडल्यावर लागते तेच हे केडगाव.

दोन प्रती ताडायला एक जागा देतो: गीतरत्न १:५. नायिका म्हणते, 'मी काळी आहे आणि सुंदर आहे', की 'काळी आहे पण सुंदर आहे'? हिब्रूत मधे एकच अक्षर आहे, 'व'. ते 'आणि'ही होते, 'पण'ही. जुन्या ग्रीक भाषांतराने 'आणि' घेतले, लॅटिनने 'पण'. युरोपभर शतकानुशतके 'पण' वाचले गेले. तुमच्या प्रतीत 'परंतु', 'तरी', 'पण' यांतले काही असेल तर ते हिब्रूने सांगितलेले नाही, भाषांतरकाराने ठरवलेले आहे. गीतरत्न वाचताना गाथासप्तशती जवळ ठेवा. तिथेही बोलणारी बहुतेक बाईच असते आणि तीही उन्हातान्हातली.

'बळीचा बकरा' हा वाक्प्रचार बायबलमधून आला का?
(वाचक, मोहोळ)

नाही. जत्रेत कापला जाणारा बकरा आपला आपल्यालाच ठाऊक होता. गोंधळ इंग्रजी 'स्केपगोट'चे मराठी करताना झाला. लेवीय १६मध्ये दोन बकरे आहेत. चिठ्ठ्या टाकून एक देवाला, एक अजाजेलाला (हे नाव रानातल्या कुणा शक्तीचे असावे). पहिला कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून याजक लोकांची पापे कबूल करतो आणि त्याला जिवंत रानात सोडून देतात. 'स्केपगोट' तो दुसरा. आपण त्याला पहिल्याचे नाव देऊन बसलो. ग्रामदेवतेचा सोडलेला पोळ किंवा रोगराईत गावाबाहेर नेलेला गाडा, हे त्याचे जवळचे नातलग. आता रूढ झालेला शब्द बदलणार नाही, पण परीक्षेत लिहिताना फरक माहीत असू द्या.

तसेच सफरचंदाचे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात नुसते 'फळ' आहे. लॅटिनमध्ये वाईट आणि सफरचंद या दोहोंचे शब्द सारखे दिसतात, तेही या समजुतीच्या पथ्यावर पडले.

इंग्रजी साहित्य हा विषय आहे. सबंध बायबल वाचायला वेळ नाही. कोणत्या लेखकासाठी काय वाचू? आणि बायबलचा प्रभाव 'आहे' असे कधी म्हणता येते?
(विद्यार्थिनी, अशोक चौक)

मिल्टनच्या महाकाव्यासाठी उत्पत्तीचे पहिले तीन अध्याय आणि प्रकटीकरण १२. उत्पत्तीत सापच आहे, सैतान हे नाव नाही, हे लक्षात ठेवून वाचा. 'मोबी डिक'साठी सबंध 'योना', उत्पत्तीत इश्माएलाचे १६ आणि २१, आणि अहाब राजासाठी १ राजे १६ ते २२. फॉकनरच्या 'अॅब्सलम, अॅब्सलम!'साठी २ शमुवेल १३ ते १९. गटेच्या 'फाउस्ट'मधल्या स्वर्गातल्या प्रवेशासाठी ईयोब १ आणि २. दोस्तोयेव्स्कीसाठी योहान ११, लाजाराची गोष्ट. 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये सोन्या ती वाचून दाखवते. स्टाइनबेकच्या 'ईस्ट ऑफ ईडन'साठी उत्पत्ती ४, विशेषतः ७वे वचन. त्यातल्या एका हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'तू जिंकशील', 'तू जिंकलेच पाहिजे' की 'तू जिंकू शकतोस' यावर कादंबरी उभी आहे. वाचन इंग्रजीत करणार असाल तर १६११चे किंग जेम्स भाषांतर घ्या, कारण इंग्रजी लेखकांच्या कानात बहुधा तेच असते.

प्रभावाचा दावा करताना निदान दोन खुणा दाखवा: नाव, घटनांचा क्रम, किंवा शब्दशः आलेली ओळ. कोणी मेले आणि दुसऱ्यांचे भले झाले एवढ्यावरून त्याला ख्रिस्ताचे रूप म्हणू नका. उत्तरपत्रिकांत ही चूक ढिगाने दिसते. त्या मापाने दधीचीही ख्रिस्त ठरेल.

मुळातली शैली बघायची तर २ शमुवेल ११ वाचा. राजा दावीद आणि दुसऱ्याची बायको बथशेबा. 'पाठवले' हे क्रियापद मोजा. दावीद माणूस पाठवतो, बाईला आणायला पाठवतो, ती निरोप पाठवते, तो सेनापती यवाबाकडे पाठवतो. सत्ता म्हणजे न हलता पाठवत राहणे. साऱ्या अध्यायात बथशेबा हिब्रूचे दोन शब्द बोलते: 'मी गर्भार.' तिचा नवरा उरीया स्वतःच्या मरणाचा हुकूम असलेले पत्र स्वतःच्या हाताने घेऊन जातो. जैमिनी अश्वमेधातला चंद्रहासही असेच पत्र नेतो, पण तिथे 'विष द्यावे'चे 'विषया द्यावी' करणारी मुलगी बागेत भेटते. उरीयाला वाटेत कोणी भेटत नाही. आणि १२वा अध्याय सुरू होतो: 'मग परमेश्वराने नाथानाला पाठवले.' नाथान म्हणजे राजाला जाब विचारणारा संदेष्टा.

मराठी साहित्यात हे सगळे इंग्रज आल्यावरच आले ना?
(निवृत्त प्राध्यापक, बार्शी)

त्याआधी दोन शतके. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली राशोल इथे त्याचे 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. 'पैलें पुराण' जुन्या कराराचे, 'दुसरें पुराण' ख्रिस्तचरित्राचे. 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' ही मराठीची स्तुती पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते. त्यापुढे सहसा कोणी जात नाही. वाचायला घ्याल तर दुसऱ्या पुराणातून घ्या आणि मोठ्याने वाचा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. हे धर्मप्रचाराचे डावपेच होते यात शंका नाही, पण ओवी त्याच्या हातात अवघडलेली नाही, हेही तितकेच खरे.

ज्यू बाजूने बेने इस्रायल आहेत, मातृभाषा मराठी असलेले कोकणातले ज्यू. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी 'हग्गादा' मराठी भाषांतरासह १८४६ला मुंबईत आणि १८७४ला पुण्यात छापली गेली. योसेफ, मोशे यांची आख्याने या समाजाने साकी-दिंडीसह कीर्तनात रंगवली. ना. वा. टिळकांचे 'ख्रिस्तायन' त्यांच्या हयातीत अपुरे राहिले, ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांपैकी फार थोडे तिकडे वळतात.

वाचनालयात आठ-दहा जणांचा गट करायचा आहे. एका बैठकीत किती घ्यावे?
(ग्रंथपाल, मंगळवेढा)

वीस-पंचवीस वचने, सव्वा तास. उतारा दोनदा मोठ्याने वाचा; दुसऱ्या वाचनात पुन्हा येणाऱ्या शब्दाखाली प्रत्येकाने रेघ मारायची. पहिला अर्धा तास 'याचा संदेश काय' या प्रश्नाला बंदी. तो आला की उतारा मिटतो. दोन भाषांतरे टेबलावर असावीत, आणि सोलापूर जिल्ह्यात आहात म्हणून कन्नड किंवा तेलुगू वाचणारा एखादा सभासद मिळाला तर ती प्रतही.

पहिल्या बैठकीला लूक १५:११ ते ३२ घ्या, उधळ्या मुलाची गोष्ट, २२ वचने. निवेदक, बाप, धाकटा, थोरला असे आवाज वाटून द्या. शेवटाकडे थोरला अंगणात उभा राहून बापाला म्हणतो: 'हा तुमचा मुलगा.' माझा भाऊ म्हणत नाही. बाप उत्तरात तेच शब्द उचलतो आणि एक बदलतो: 'हा तुझा भाऊ.' दोघांनी ही वाक्ये वाचताना त्या एका शब्दावर जोर द्यावा. मग विचारा, थोरला घरात गेला का? लूकने लिहिलेले नाही.